नाणेसंग्रह: कंडिशन, उपलब्धता आणि खिसा यांचा मेळ कसा घालायचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या घरांत आजही देव्हाऱ्यातल्या डब्यात चार-दोन राणीछाप रुपये निघतात. गोव्यात पोर्तुगिजांचा रुपिया निघतो, हैदराबादकडच्या मराठी घरांत चारमिनारचा हाली रुपया, ग्वाल्हेर-इंदूरला शिंदे-होळकरांचे तांब्याचे पैसे, बडोद्याला सयाजीराव महाराजांची नाणी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसानं जेवढ्या राजवटी पाहिल्या, तेवढी नाणी त्याच्या घरात साठली. चांदीचा भाव चढला की यातली बरीच नाणी थेट सराफाच्या मुशीत जातात. दुसरीकडं, हौसेनं संग्रह सुरू करणारी मंडळी पहिल्याच वर्षी बरेच पैसे घालून घासलेली, धुतलेली किंवा चक्क बनावट नाणी जमवतात आणि वैतागून नाद सोडून देतात.

दोन्हीकडं नुकसान होतं ते एकाच कारणानं. नाण्याची किंमत कशावर ठरते हे माहीत नसतं. ते समजून घेतलं तर महिन्याला हजार रुपये बाजूला टाकणाऱ्यालाही नीटनेटका, अभिमानानं दाखवता येईल असा संग्रह उभा करता येतो.

तीन गोष्टी, एक हिशेब

नाणं घेताना तीन गोष्टी समोर असतात. नाण्याची कंडिशन, ते बाजारात किती वेळा मिळतं, आणि आपल्या खिशात किती आहे. उत्तम कंडिशनचं, दुर्मिळ आणि स्वस्त असं नाणं शोधत बसलात तर एक तर ते मिळणार नाही, नाहीतर मिळेल ते बनावट असेल. तिन्हींपैकी दोन गोष्टी मनासारख्या झाल्या की तिसरीवर पाणी सोडावं लागतं.

म्हणून जाणते संग्राहक एक साधा नियम पाळतात. जे नाणं मुबलक आहे त्यात कंडिशनवर तडजोड करायची नाही. जे नाणं दुर्मिळ आहे त्यात कंडिशनवर तडजोड चालेल, खरेपणावर नाही. आणि पैसा सगळ्या नाण्यांवर सारखा वाटायचा नाही. पुढचं सगळं याच नियमाचा विस्तार आहे.

आधी हद्द ठरवा

"मी जुनी नाणी जमवतो" असं म्हणणाऱ्याचा संग्रह कधीच पूर्ण होत नाही, कारण तो कुठं संपतो हेच ठरलेलं नसतं. हद्द ठरवायच्या दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली टाइप सेटची. प्रत्येक प्रकारचं एकच नाणं घ्यायचं, साल कुठलंही चालेल. समजा ब्रिटिश अमदानीतला एक रुपया घ्यायचा ठरवला. चौथा विल्यम (१८३५ सालचा), राणी व्हिक्टोरिया (१८४० चा कंपनीचा, १८६२ पासूनचा 'क्वीन' आणि १८७७ पासूनचा 'एम्प्रेस'), सातवा एडवर्ड (१९०३ ते १९१०), पाचवा जॉर्ज (१९११ ते १९२२), सहाव्या जॉर्जचा चांदीचा आणि शेवटी १९४७ चा निकेलचा, मागे वाघ असलेला रुपया. एवढ्या आठ नाण्यांत एकशे बारा वर्षांचा इतिहास येतो. साल निवडायची मोकळीक असल्यामुळं प्रत्येक ठिकाणी मुबलक सालातलं चांगल्या कंडिशनचं नाणं घेता येतं. नवख्यासाठी हीच पद्धत बरी.

दुसरी पद्धत सालवार संचाची. एकाच प्रकारचं प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ गोळा करायची. यात पहिली ऐंशी टक्के नाणी भराभर मिळतात आणि उरलेल्या चार-पाच नाण्यांवर आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पैसे जातात. ही तयारी असेल तरच या वाटेला जावं.

कमी पैशांत सालवार संच करायचाच असेल तर स्वतंत्र भारताची नाणी घ्या. १९५० ची आण्यांची मालिका, १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आल्यावरचे 'नये पैसे', १९६४ मध्ये 'नये' शब्द गळाल्यानंतरचे पैसे, अॅल्युमिनियमचे तीन पैसे, १९६८ पासूनचे कमळाचे पिवळे वीस पैसे. घरातल्या शाळकरी मुलांना सोबत घेऊन करता येईल असा हा संग्रह आहे. टांकसाळीची खूण सालाच्या खाली बघायची. मुंबईला डायमंड, हैदराबादला तारा, नोएडाला गोल ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. काही नाणी परदेशातही पाडून घेतली होती. १९८५ च्या रुपयावर सालाखाली 'एच' असेल तर तो इंग्लंडच्या हीटन टांकसाळीचा.

कंडिशन कशी ओळखायची?

बाजारात कंडिशनचे दर्जे इंग्रजी नावांनीच चालतात. खालून वर जायचं तर गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं. नावावर जाऊ नका. 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, ते जवळजवळ गुळगुळीत झालेलं नाणं असतं. ढोबळ ओळख अशी:

- गुड: राजाचा चेहरा फक्त सावलीसारखा दिसतो. साल कसंबसं वाचता येतं.
- फाइन: सगळी अक्षरं वाचता येतात, पण केस, दागिने, मुकुटाची नक्षी सपाट झालेली.
- व्हेरी फाइन: नक्षीचा निम्म्याहून जास्त भाग शाबूत. उंच भागांवरच झीज.
- एक्स्ट्रा फाइन: झीज फक्त टोकाच्या उंचवट्यांवर, भिंगातून पाहिल्यावर कळणारी.
- अनसर्क्युलेटेड: झीज अजिबात नाही, टांकसाळीची मूळ चकाकी टिकलेली. पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे असू शकतात.

झीज नेहमी उंच भागावर आधी दिसते, त्यामुळं नाणं हातात घेतल्यावर नजर तिथंच जायला हवी. व्हिक्टोरियाच्या रुपयात कपाळावरचे केस आणि मुकुटाचे खडे बघा. एडवर्डचं डोकं मुकुटाविना आहे, तिथं कानावरचे केस आणि कान. पाचव्या जॉर्जच्या रुपयात मुकुट, कान आणि झग्यावरचा छोटा हत्ती. नाणं दिव्याखाली थोडं तिरकं करून फिरवलं की खरी चकाकी चक्रासारखी फिरते. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं, त्याला जीव नसतो.

झिजेपेक्षाही मोठं नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी आपल्या घरांत सर्रास होतात. पहिली घासणं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डब्यातले रुपये चिंच, लिंबू, राख नाहीतर भांड्यांच्या पावडरीनं चकचकीत केले जातात. वर्षानुवर्षं जमलेला मूळ रंग एका दुपारी निघून जातो आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. पूजेसाठी चकचकीत नाणं हवंच असेल तर आजच्या चलनातलं घ्या. दुसरी गोष्ट डाख. पूर्वी रुपयांना कडी डाखून माळा, कमरपट्टे करत. कडी काढली तरी काठावर डाखाचा डाग राहतो. असं नाणं घरची आठवण म्हणून मोलाचं आहे, पण बाजारात त्याला चांदीच्या भावाच्या आसपासच मागणी असते. विकत घेताना काठ बोटानं चाचपून बघाच.

उपलब्धता: किती पाडली आणि किती उरली

कॅटलॉगमध्ये प्रत्येक सालाला टांकसाळीत किती नाणी पाडली याचा आकडा असतो. नवखे त्यावरच विसंबतात. खरा प्रश्न असतो तो किती उरली हा. चांदीचे जुने रुपये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं चलनातून काढून घेतले, त्यानंतरच्या प्रत्येक भाववाढीत लोकांनीही वितळवले. उलट, लोकांनी साठवून ठेवलेली काही सालं आजही ढिगानं मिळतात.

दोन उदाहरणं. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळं डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडलेले बहुतेक रुपये नंतर वितळवले गेले आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. हा रुपया अगदी अप्राप्य नाही, पण प्रत्येकाला तो हवा असतो म्हणून भाव चढा. इथं किंमत ठरते ती गोष्टीमुळं वाढलेल्या मागणीवर.

दुसरं, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया. हा मात्र खरोखर दुर्मिळ, आणि म्हणून १९३८ च्या रुपयातल्या ८ चा ९ करून विकणारे भरपूर. स्वस्तात १९३९ चा रुपया समोर आला तर आनंदून जाण्याआधी भिंग काढा. शेवटच्या आकड्याच्या आसपास खरवडलेलं दिसतं का, त्याची जाडी बाकीच्या आकड्यांसारखी आहे का, हे बघा. साध्या टाइप सेटसाठी या रुपयाची गरजच नाही. १९४० ते १९४५ मधला कुठलाही चालतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुबलक नाणंसुद्धा उत्तम कंडिशनमध्ये दुर्मिळ असू शकतं. पाव आणा, पै, अर्धा पैसा ही गरिबाच्या हातातली नाणी. ती कुणी जपून ठेवली नाहीत. त्यामुळं तांब्याचं छोटं नाणं टांकसाळीच्या लालसर रंगासकट दिसलं तर मालिका पूर्ण व्हायची वाट न बघता घ्यावं.

बजेट: तळाचा भाव आधी काढा

चांदीच्या नाण्याचा कमीत कमी भाव काढणं सोपं आहे. नाण्यातली शुद्ध चांदी गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. त्यासाठी हा तक्ता जवळ ठेवा:

- १८३५ पासून पाचव्या जॉर्जपर्यंतचा ब्रिटिश रुपया: वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम.
- सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ चा रुपया: ११.६६ ग्रॅम, ५० टक्के, शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम.
- १९४७ चा वाघाचा रुपया: निकेल. चांदी शून्य. लोहचुंबकाला चिकटतो.
- हैदराबादचा चारमिनार रुपया: सुमारे ११.१८ ग्रॅम, ८१.८ टक्के, शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम.
- गोव्याचा १९४७ चा रुपिया: १२ ग्रॅम, ५० टक्के, शुद्ध चांदी ६ ग्रॅम. १९५२ चा रुपिया तांबे-निकेलचा, चांदी नाही.
- १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं: १५ ग्रॅम, ८० टक्के, शुद्ध चांदी १२ ग्रॅम.
- १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं: २२.५ ग्रॅम, ५० टक्के, शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम.

झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरतं, तेवढं वजा धरा. विक्रेता जो भाव सांगेल त्यातून हा तळाचा भाव वजा केला की उरते ती 'नाणं' म्हणून द्यायची रक्कम. ती रक्कम त्या कंडिशनला आणि त्या सालाला योग्य आहे का, एवढंच मग ठरवायचं. घरची नाणी सराफाकडं नेणाऱ्यांनीही हाच हिशेब करून जावं. सराफ तळाचा भाव देईल, त्यातूनही घट कापेल. सालाचे पैसे तो देणार नाही. म्हणून नाणी मुशीत जाण्याआधी एकदा तरी जाणकाराला दाखवावीत.

वर्षाच्या बजेटचा एक नमुना. महिन्याला १,००० प्रमाणं वर्षाला १२,००० रुपये होतात. त्यातले ७,००० दोन किंवा तीनच महत्त्वाच्या नाण्यांसाठी राखून ठेवा. ३,००० मध्ये मुबलक नाणी, पण चांगल्या कंडिशनची. १,२०० भिंग, वजनकाटा, होल्डर आणि पुस्तकांसाठी. उरलेले ८०० अचानक समोर येणाऱ्या संधीसाठी. हा काही कायदा नाही, आपापल्या ऐपतीप्रमाणं आकडे बदला. मुद्दा हा की दर महिन्याला हजार रुपयांची पाच-सहा किरकोळ नाणी आणली तर वर्षाअखेर साठ-सत्तर नाणी होतात आणि त्यातलं दाखवण्यासारखं एकही नसतं.

लिलावात बोली लावणार असाल तर अंतिम बोलीवर लिलाव कंपनीचं कमिशन, कर आणि टपालखर्च लागतो. तो धरूनच आपली शेवटची बोली आधी कागदावर लिहून ठेवा. लिलावात हात वर करायची सवय महाग पडते.

आपल्या भागांतली नाणी: कुठं काय जमेल

*शिंदे, होळकर, गायकवाड, पवार.* मराठी संस्थानांच्या तांब्याच्या नाण्यांचा संच हा आपल्या वाचकांसाठी मनाजोगता आणि परवडणारा विषय आहे. ग्वाल्हेरचा माधवराव शिंदे यांचं चित्र असलेला पाव आणा (संवत १९७० आणि १९७४) आणि जिवाजीरावांचा पाव आणा (संवत १९८६) मुबलक आहेत, तिथं व्हेरी फाइनच्या खाली जाऊ नका. इंदूरचा बसलेल्या नंदीचा पैसा आणि यशवंतराव होळकरांचं चित्र असलेली संवत १९९२ ची नाणी त्या खालोखाल. बडोद्याच्या सयाजीरावांच्या तांब्याच्या नाण्यांवर घोड्याचा खूर आणि तलवार असते. धार (१८८७) आणि देवास (१८८८) यांची नाणी व्हिक्टोरियाचं चित्र घेऊन आली. ती कमी मिळतात, तिथं 'फाइन' कंडिशन गोड मानून घ्यावी. देवास थोरल्या पातीच्या विक्रमसिंहरावांचा १९४४ चा पैसा तर खूपच विरळ. हेच विक्रमसिंहराव पुढं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन साधारण मिळतं.

*गोवा.* एक रुपिया म्हणजे १६ तांगा, म्हणजेच ९६० रेइश. १८८१ पासून रुपियाचं वजन आणि कस ब्रिटिश रुपयाइतकाच ठेवला होता. १९५८ पासून एस्कुदो आणि सेंताव्हो आले, ६ एस्कुदोला १ रुपिया. १९५८-५९ च्या या नाण्यांचा संच लहान आहे: १०, ३० आणि ६० सेंताव्हो, १, ३ आणि ६ एस्कुदो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, म्हणजे ही नाणी जेमतेम तीन वर्षं चालली. त्यामुळं ती कमी झिजलेली मिळतात. सहा नाण्यांचा हा संच उत्तम कंडिशनमध्ये पुरा करणं हे पहिल्या वर्षाचं छान उद्दिष्ट आहे.

*हैदराबाद.* निजामाचं स्वतःचं चलन होतं, त्याला हाली सिक्का म्हणत. चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. महबूब अली खानांच्या नाण्यावर 'मीम', उस्मान अली खानांच्या नाण्यावर 'ऐन'. सुरुवातीच्या काही नाण्यांवर हे 'ऐन' अर्धवट आहे, त्यांना वेगळा भाव मिळतो. सालं हिजरीत असतात. साधा उस्मानिया रुपया सहज मिळतो, म्हणून घाई नको, कंडिशन बघून घ्या.

*शिवराई.* छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. शिवराई पुढं एकोणिसाव्या शतकापर्यंत मराठी मुलखात ठिकठिकाणी पाडली जात राहिली. म्हणून बाजारात मिळणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, उत्तरकाळातली असते. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई हे त्याचं ओळखीचं उदाहरण. विक्रेता "महाराजांच्या काळातली" म्हणून दहापट भाव सांगत असेल तर जाणकाराकडून अक्षरवळण, वजन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. उत्तरकाळातली शिवराईही आपल्या इतिहासाचाच भाग आहे, पण ती तिच्या भावानं घ्यावी. या नाण्यांवर साल नसतं आणि ती हातानं ठोकलेली असल्यामुळं अक्षरं काठाबाहेर जातात. इथं कंडिशन म्हणजे झीज कमी असणं एवढंच नव्हे, मजकूर किती मावला आहे हेही बघायचं.

बेळगावकरांसाठी आणखी एक गोष्ट. मराठ्यांच्या रुपयांत 'आझमनगर गोकाक' अशी टांकसाळ नोंदलेली आहे. आझमनगर हे बेळगावचं मोगली नाव. फारसी अक्षरं वाचण्याची तयारी असेल तर घराजवळच्या इतिहासाचं हे नाणं शोधण्याजोगं आहे. मराठा टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं १९८९ चं इंग्रजी पुस्तक प्रमाण मानलं जातं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. एकदा जाऊन यावं. खरी नाणी डोळ्याखालून गेल्याशिवाय खोटी ओळखता येत नाहीत.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागं राम-सीता किंवा हनुमान असलेलं 'नाणं' जत्रेत, रस्त्यावर सगळीकडं दिसतं. असं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. 'तांदूळ ओढणारं नाणं', म्हणजे राइस पुलर, दाखवून लाखोंचा गंडा घालणाऱ्या टोळ्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अनेकदा पकडल्या गेल्या आहेत. कुठलंही नाणं तांदूळ ओढत नाही.

तिसरा प्रकार मोबाईलवरचा. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं किंवा ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा, असे मेसेज येतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की बँक अशा व्यवहारात नाही आणि कुणालाही त्यासाठी फी घ्यायचा अधिकार दिलेला नाही. तुमचं नाणं विकत घेणारा तुमच्याकडंच पैसे मागत असेल तर तिथंच फोन ठेवा.

विकत घेताना चार तपासण्या दोन मिनिटांत होतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर वजन. लोहचुंबक, चांदी त्याला चिकटत नाही. काठावर साच्याच्या जोडाची रेघ आहे का. आणि पृष्ठभागावर ओतकामात येणारे बारीक खड्डे. महागाचं नाणं असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या संस्थेनं तपासून सीलबंद केलेलं घेणं सुरक्षित, मात्र डबीवरचा नंबर त्यांच्या नोंदीत पडताळून बघा. डब्याही बनावट येतात. नेहमीच्या व्यवहारासाठी पावती देणारा आणि नाणं परत घ्यायला तयार असणारा विक्रेता निवडा. तो चार पैसे जास्त घेत असला तरी चालेल.

पावसाळ्यात जपायचं कसं?

गोवा, कोकण, बेळगावचा पावसाळा नाण्यांचा शत्रू. स्वस्त प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असतं, त्यानं वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. मायलारच्या खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर किंवा कॅप्सूल वापरा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी बदला. नाणं नेहमी काठाला धरायचं, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही. धूळ-माती असेल तर शुद्ध पाण्यात बुडवून मऊ कापडानं टिपून घ्या, चोळू नका. अॅल्युमिनियमच्या पैशांना दमट हवा लवकर लागते, ते वेगळे ठेवा.

कायद्याच्या तीन गोष्टी

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं. ते परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून राणीछाप रुपया पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. आणि विहीर खणताना, घर पाडताना जमिनीत नाण्यांचा हंडा सापडला तर तो आपोआप आपला होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, कर्नाटकात त्यासाठी राज्याचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा हंड्यातली नाणी चोरून विकत घेणाराही अडचणीत येतो.

वही ठेवा

प्रत्येक नाण्याची नोंद एका ओळीत करा: कुठलं नाणं, साल, टांकसाळ, वजन, कंडिशन, कुणाकडून, कधी, कितीला. सोबत दोन्ही बाजूंचा फोटो. घरातून आलेलं नाणं असेल तर कुणाच्या डब्यातलं, कुठल्या गावचं, हेही लिहा. नाणी विकायची वेळ आली तर विक्रेत्याचा नफा वजा जाऊन पैसे मिळतात, त्यामुळं संग्रह म्हणजे बँकेची ठेव समजू नये. पण नोंद असलेल्या संग्रहाला बिननोंदीच्या पिशवीपेक्षा नेहमीच चांगला भाव मिळतो. तुमच्या मागं मुलाबाळांनी ती पिशवी किलोच्या भावानं देऊ नये, यासाठीही ही वही हवी.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर घरातूनच. देव्हाऱ्यातला डबा आणि जुनी ट्रंक उघडा, जे आहे ते न घासता मोजा, वजन करा, साल लिहून काढा. त्यातून आपली हद्द ठरेल. मगच बाजारात पाऊल टाका.